वजन लिहिले, तारीख राहिली



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खते, हुमणी आणि तोडणी कार्यक्रम यांबद्दलच लिहितो. खोडव्याच्या टिपणाचा उरलेला भाग या अंकात द्यायचा होता. तो पुढच्या अंकात देऊ. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, शेतकी खात्याच्या माणसाला हा नसता उद्योग कुणी सांगितला? त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग खुशाल बोल लावावा.

सुरुवात आपल्या फडापासूनच करू. जुलै महिन्यात सभासद गट ऑफिसात येतात आणि म्हणतात, "साहेब, ऊस वाढेना. पाच-सहा कांड्यांवरच थांबलाय." आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लागण कधीची? जानेवारीची सुरू लागण असेल तर पाच-सहा कांड्या म्हणजे काही वावगे नाही. त्याला दिवस भरू द्यावेत. पण तोच ऊस मागच्या जुलैचा आडसाली असेल, तर वर्षभरात पाच-सहा कांड्या ही धोक्याची घंटा आहे. पाणी तुटले असेल, मुळाला हुमणी लागली असेल, जमीन चोपण झाली असेल. उंची दोन्हीकडे सारखी, पण एकाला थांबायचे आणि दुसऱ्याला धावायचे. म्हणून लागण तारखेशिवाय उसाची नोंद आम्ही घेत नाही. नुसत्या उंचीवरून ऊस कळत नाही, हे आपल्यापैकी कुणालाही शिकवावे लागत नाही.

माणसाच्या लेकराच्या बाबतीत मात्र आपण नुसते वजन बघतो आणि मोकळे होतो.

२०२३-२४ च्या हंगामातली गोष्ट. आमच्या गटात बीडकडची एक टोळी होती. तिच्यातली एक बाई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाळंत झाली. तालुक्याबाहेरच्या एका दवाखान्यात नेले होते. त्याचे नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकते. मुलगी झाली, वजन १ किलो ९०० ग्रॅम. पोर रडली, डोळे उघडून टकामका बघत होती, दूधही ओढत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडले. घर म्हणजे फडाकडेची कोपी. थंडीचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी पहाटे पोर निपचित पडली, अंग गार लागले. मुकादमाने आम्हाला फोन केला, आम्ही जीप घेऊन गेलो, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळे संपले होते.

कागदावर काय आले? "मुदतपूर्व जन्म, कमी वजन."

चार दिवसांनी ती बाई पुन्हा फडात मोळ्या बांधताना दिसली. आम्हाला बघून ती एवढेच म्हणाली, "साहेब, दिस भरलं व्हतं माझं. मला कुणी इचारलंच न्हाई." आम्ही तिथेच बांधावर बसून हिशेब केला. शेवटची पाळी अक्षय तृतीयेनंतर दोन दिवसांनी आली होती, हे तिला पक्के आठवत होते. त्या वर्षी अक्षय तृतीया २२ एप्रिलला होती. म्हणजे बाळंतपणाच्या दिवशी ३९ आठवडे उलटून गेले होते. पोर अपुऱ्या दिवसांची नव्हती. दिवस पुरे भरले होते. पोसायला कमी पडले होते.

पुढे एका बालरोगतज्ज्ञांना गाठून आम्ही हे सारे समजून घेतले. ते जसे कळले तसे सांगतो.

जन्मतः अडीच किलोच्या आत वजन असले की त्याला कमी वजनाचे मूल म्हणतात. पण वजन कमी असण्याच्या वाटा दोन. एक, मूल लवकर जन्मले, म्हणजे ३७ आठवडे पुरे होण्याआधी. दुसरी, मूल वेळेवर जन्मले पण पोटात वाढच खुंटली. अशा मुलाला दिवसांच्या मानाने लहान मूल म्हणतात. त्याची खूण अशी की तेवढ्याच आठवड्यांची शंभर मुले वजनाप्रमाणे ओळीने उभी केली तर हे तळाच्या दहांत बसते. आता १ किलो ९०० ग्रॅमचीच दोन मुले घ्या. ३४ आठवड्यांचे असेल तर ते आपल्या वयाच्या मानाने ठीक आहे, फक्त कच्चे आहे. ३९ आठवड्यांचे असेल तर ते उपाशी आहे. काट्यावर दोघे सारखे, पण दोघांचा धोका वेगळा आणि राखणही वेगळी.

कच्च्या मुलाची फुप्फुसे पिकलेली नसतात, चोखणे-गिळणे नीट जमत नाही, श्वास मध्येच थांबतो. ते बघताक्षणीच नाजूक दिसते, म्हणून सगळे सावध असतात. दिवस भरलेले लहान मूल मात्र फसवते. ते चळवळे असते, टक लावून बघते, ओढून पिते. पण त्याच्या यकृतात साखरेची शिल्लक नसते आणि कातडीखाली चरबी नसते. पहिल्या दोन दिवसांत रक्तातली साखर एकाएकी उतरू शकते, आणि ऊब गेली की असलेली साखरही झपाट्याने जळते. आपण साखरेच्या धंद्यातली माणसे. गोदामात शिल्लक नसताना माल उचलला तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून अशा मुलाला पहिल्या तासात अंगावर घ्यावे लागते, दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, आणि पहिले दोन दिवस टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासत राहावे लागते. "पोर पितंय ना, मग न्या घरी" हे त्याच्या बाबतीत चालत नाही.

ही चूक एकट्या दवाखान्याची नाही. सारे जगच एके काळी असे चुकले होते. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या प्रत्येक मुलाला मुदतपूर्वच ठरवले होते. १९६१ साली त्यांच्याच तज्ज्ञ समितीने हे दुरुस्त केले : नुसत्या वजनावरून मुदत ठरवू नका, त्याला कमी वजनच म्हणा. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉ. लुला लुबचेन्को यांनी आठवड्यागणिक वजनाचा तक्ता प्रसिद्ध केला, आणि १९६७ मध्ये त्यांनी व डॉ. बटाग्लिया यांनी दिवसांच्या मानाने लहान, बरोबर आणि मोठे अशी विभागणी घालून दिली. साठ वर्षांपूर्वी जगाने सुधारलेली चूक आमच्या गटातल्या कागदावर अजून जिवंत आहे.

कागदावरच्या एका शब्दाने काय बिघडते, असे कुणी विचारील. आपल्या नोंदवहीत उसाच्या प्रत्येक जातीला आकडा असतो. को ८६०३२ चा आकडा चुकून दुसऱ्या जातीला पडला तर तोडीचा क्रम आणि उताऱ्याचा अंदाज सगळेच कोलमडते. तसेच आजारांचे एक आंतरराष्ट्रीय पुस्तक आहे. त्याची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०२२ पासून लागू झाली आहे. दहाव्या आवृत्तीत लहान मुलांसाठी दोन खाती आहेत. पी ०५ हे पोटात वाढ खुंटलेल्या मुलांचे खाते. त्यातही वजन कमी पण लांबी ठीक असेल तर एक आकडा, आणि वजन व लांबी दोन्ही कमी असतील तर दुसरा. पी ०७ हे लवकर जन्मलेल्या आणि नुसत्या कमी वजनाच्या मुलांचे खाते. पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे की वाढ खुंटल्यामुळे वजन कमी असेल तर ते मूल पी ०७ मध्ये घालू नये.

पण आकडा घालणारा कारकून कागदावर असेल तेच घालणार. आठवडे लिहिलेले नसतील आणि नुसते वजन असेल, तर ते मूल पी ०७ मध्येच जाऊन पडते. मग जिल्ह्याचा तक्ता तयार होतो तेव्हा त्यात लवकर जन्मलेली मुले वाढलेली दिसतात. पोटात उपाशी राहिलेली मुले दिसतच नाहीत. जे तक्त्यात दिसत नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. आणि लवकर जन्म म्हटले की कुणाचाच दोष राहत नाही; देवाची करणी म्हणून सगळे मोकळे. वाढ खुंटली म्हटले की मात्र विचारावे लागते : त्या बाईने नऊ महिने काय खाल्ले? तिने किती मोळ्या वाहिल्या? कुणासाठी वाहिल्या?

इथे आम्हाला आमचीही चूक सांगितली पाहिजे. त्या जानेवारीत गाळप कमी पडत होते. कोयते पूर्ण लावा, एकही खाडा चालणार नाही, असा निरोप मुकादमाला आमच्याच खात्यातून गेला होता. ती बाई आठव्या-नवव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती, हे आम्ही फडात उभे राहून पाहिले होते. पाहिले, आणि टनेज विचारून पुढे गेलो.

आईचे कष्ट आणि मुलाचे वजन यांचा संबंध आहे की नाही, याचा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. ज्या बाया जास्त कष्ट उपसत होत्या त्यांची मुले लहान भरली. ज्यांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते त्यांची मुले थोराड भरली. आणि ही लहान मुले वरून हडकुळी दिसली तरी त्यांच्यात मांस कमी व चरबी त्या मानाने जास्त होती. पुढच्या आयुष्यात मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते, असे ही मंडळी सांगतात.

सभासदांनी हे नीट लक्षात घ्यावे. ती गावे आपल्यासारख्या शेतकऱ्यांची होती. तेव्हा हा प्रश्न कोपीतलाच आहे असे समजून कुणी मान वळवू नये. आपल्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवते. भाजी तळाला गेलेली असते. गोठ्यात दोन म्हशी असतात आणि दूध मात्र थेंबन् थेंब डेअरीला जाते. उसाला युरियाची तिसरी मात्रा चुकली तर आपण रात्री झोपत नाही. गरोदर सुनेला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का, हे विचारायला कुणाला सवड नसते.

"आपल्याकडची मुलं लहानच असतात, ती आपली जात आहे" असे म्हणणारेही भेटतात. त्यांना उत्तर नागपूरने दिले आहे. आठ देशांतल्या आठ ठिकाणी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नागपूर हे एक ठिकाण होते. निरोगी, चांगले पोषण असलेल्या आणि तपासणी वेळेवर झालेल्या आयांची मुले त्यात मोजली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मुलांच्या लांबीत देशादेशांमध्ये फारसा फरक आढळला नाही. हाड वाढायला वंश आड येत नाही. पोटाला कमी पडले तर मात्र येते.

अर्थात प्रत्येक लहान मुलामागे उपासमारच असते असे नाही. आईचा रक्तदाब, पंडुरोग, वारेतला दोष, जंतुसंसर्ग, जुळे, तंबाखू आणि मिश्री ही कारणेही असतात. काही मुले आईबापच लहान चणीचे म्हणून लहान असतात आणि ती धडधाकट असतात. म्हणूनच तर नोंद नीट हवी. कारण शोधायचे की नाही, हे नोंदीवरूनच ठरते.

आता करायचे काय? आमच्या मते चार गोष्टी कराव्यात. संचालक मंडळापुढे आम्ही त्या ठेवल्या आहेत. सभासदांनीही आपले वजन त्यामागे टाकावे.

पहिली गोष्ट, लागण तारीख. टोळी उतरली की आपण कोयते मोजतो. त्याच आठवड्यात बाईमाणसाकरवी, मुकादमाला मध्ये न घेता, टोळीतल्या गरोदर बायांची यादी करावी आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारावी. इंग्रजी तारीख सांगता आली नाही तरी सण सांगता येतो. नागपंचमी, पोळा, घटस्थापना, दिवाळी. त्याच्या मागे की पुढे, किती दिवस, एवढे विचारले की पंचांगावरून तारीख निघते. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल तर ती तारीख सर्वांत भरवशाची. ही यादी बाईच्या संमतीने गावच्या आशाताईंकडे द्यावी. टोळी परगावची म्हणून इथल्या यादीत नाही, आणि इथे आली म्हणून तिच्या गावच्या यादीतूनही सुटली, असे आज आमच्या गटात होते.

दुसरी गोष्ट, काम. सातव्या महिन्यानंतर मोळी वाहणे आणि गाडी भरणे बंद. त्या जोडीचा कोयता मोडला म्हणून उचल फेडीचा तगादा त्या हंगामात लावू नये. तूट कारखान्याने सोसावी. हे ऐकून काही सभासद म्हणाले, "हे मुकादमाचं काम, आपल्या वाट्यातून कशाला?" आमचे उत्तर साधे आहे. ऊस आपला, गाळप आपले, बिल आपले. मग ओझे तेवढे परक्याचे कसे?

तिसरी गोष्ट, काटा आणि कागद. मूल जन्मल्यावर वजन, आठवडे, लांबी आणि डोक्याचा घेर या चारही गोष्टी माता-बाल कार्डावर लिहून घ्याव्यात. जन्म नोंदणीच्या अर्जातही वजनाची आणि गरोदरपणाच्या आठवड्यांची जागा आहे. ती कोरी सोडू नये. वजन कमी भरले तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : "दिवस कमी आहेत, का दिवसांच्या मानाने मूल लहान आहे?" उत्तर कार्डावर लिहून मागावे. त्यात भिडायचे काही कारण नाही. काट्यावर ट्रॉली लावली की आपण पावती घेतल्याशिवाय हलतो का?

चौथी गोष्ट, राखण. असे मूल दोन-तीन दिवस दवाखान्यातच ठेवावे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि आजारी अर्भकाचा उपचार २०११ पासून विनामूल्य आहे. घरी आणल्यावर आईच्या उघड्या छातीशी उघडे अंग लावून वरून पांघरूण घ्यावे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉक्टरांनी सुरू केलेली ही पद्धत आज जगभर वापरतात आणि तिला पैसा लागत नाही. आंघोळीची घाई करू नये. मध, गूळपाणी, घुटी काही देऊ नये; रक्तातली साखर कमी होते म्हणून साखरपाणी पाजणे हाही घातक गैरसमज आहे. फक्त आईचे दूध, ओढत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने, आणि रात्रीही उठवून. अंग गार, सुस्ती, थरथर, झटके, दूध सोडणे यांपैकी काही दिसले तर उजाडण्याची वाट बघू नये. आणि मूल तगले की लगेच बाळसे धरावे म्हणून वरचे काहीबाही कोंबू नये. पी हळद नि हो गोरी, असे इथे होत नाही. बहुतेक मुले दोन वर्षांत आपोआप वाढ भरून काढतात.

खेड्यात हे जमत नाही, असे कुणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवले. हातात साधा काटा, थर्मामीटर आणि उबदार झोळी. हजार जन्मांमागे ६२ अर्भके दगावत होती; १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५ च्या आसपास आला. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई देशभर घरभेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या मुलासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आपल्याला फक्त कोपीचा पत्ता त्यांना द्यायचा आहे.

ती टोळी गेल्या हंगामात पुन्हा आली होती. ती बाई नव्हती. मुकादमाला विचारले तर म्हणाला, "दिवस आहेत तिला, घरीच ठेवलीया." आम्ही त्याला तिची तारीख विचारली. त्याला ती माहीत नव्हती. फोन करून विचारली आणि आमच्या वहीत, उसाच्या नोंदीच्या मागच्या पानावर, लिहून ठेवली. तिच्या गावच्या आशाताईंनाही कळवली. त्या पानावर आज सात नावे आहेत. वही तोकडी पडली तरी हरकत नाही, नवी घेऊ.

सभासदांनी आपापल्या फडावरची आणि आपल्या घरातलीही माहिती गट ऑफिसात द्यावी. सूचना असतील तर त्याही कळवाव्यात. विरोध असेल तर वार्षिक सभेत उभे राहून सांगावा. आम्ही उत्तर द्यायला हजर आहोत.

— ऊस विकास अधिकारी